लाइन ऑफ डान्स म्हणजे नक्की काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बॉलरूम, म्हणजे जोडीने करायचा पाश्चात्य नाच, शिकायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या क्लासला हा शब्द कानावर पडतो, सर म्हणतात "लाइन ऑफ डान्स पकडा" आणि अर्धी माणसं जमिनीकडे बघायला लागतात, कुठे आखलीये का म्हणून. स्टेप्स पाठ असूनही फ्लोअरवर गेल्यावर सगळं फिसकटतं त्याचं कारण बहुतेक वेळा पाय नसतात, दिशा असते, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

लाइन ऑफ डान्स म्हणजे काय, एका वाक्यात सांगा ना?

हॉलमध्ये सगळ्या जोड्या ज्या दिशेने गोल पुढे सरकतात ती दिशा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट. देवळात प्रदक्षिणा घालतो त्याच्या बरोब्बर उलटं, म्हणजे प्रदक्षिणेत मधला गाभारा तुमच्या उजव्या हाताला असतो ना, इथे हॉलचा मधला भाग डाव्या हाताला आणि भिंत उजव्या हाताला. एवढं लक्षात ठेवलं तरी जगातल्या कुठल्याही बॉलरूममध्ये तुम्ही रॉंग साइडने घुसणार नाही.

एक गोष्ट लगेच सांगून टाकतो, कारण तिथेच घोळ होतो. डावा हात मध्याकडे हे तुम्ही पुढच्या दिशेला तोंड करून उभे असाल तेव्हाचं आहे. जोडीतला एक जण पुढे तोंड करून असेल तर समोरचा उलटा चालत असतो, त्याची उजवी बाजू मध्याकडे येते. दिशा मात्र दोघांची एकच.

पण लाइन म्हणताय आणि गोल पण म्हणताय?

हॉल चौकोनी असतो त्यामुळे पुस्तकी हिशोबात चार सरळ बाजू धरतात. तुम्ही लांब बाजूवर आहात तोपर्यंत लाइन ऑफ डान्स त्या भिंतीला समांतर. कोपऱ्यात आलात की ती एकदम 90 अंश डावीकडे वळते, याला न्यू लाइन ऑफ डान्स म्हणतात. प्रत्यक्षात गर्दीच्या फ्लोअरवर कोपरे कुणी इतके काटेकोर कापत नाही, सगळे लंबगोलच फिरतात, पण शिकताना चौकोन डोक्यात ठेवा, खूप सोपं जातं.

डायगोनल वॉल, डायगोनल सेंटर हे काय प्रकरण आहे?

हाच खरा गाभा आहे.

लाइन ऑफ डान्सकडे तोंड करून उभे राहा. समोर लाइन ऑफ डान्स. उजवीकडे वॉल. डावीकडे सेंटर. पाठीमागे अगेन्स्ट लाइन ऑफ डान्स. झाल्या चार दिशा. आता यांच्या मधोमध 45 अंशाच्या चार तिरक्या. समोर आणि उजवीकडच्या मधली ती डायगोनल वॉल, समोर आणि डावीकडच्या मधली डायगोनल सेंटर. उरलेल्या दोन मागच्या बाजूच्या, त्यांना डायगोनल वॉल अगेन्स्ट आणि डायगोनल सेंटर अगेन्स्ट म्हणतात, नवशिक्यांना त्या फारशा लागत नाहीत. एकूण आठ. म्हणून वळण पण आठव्या भागात मोजतात, एक अष्टमांश, पाव, तीन अष्टमांश, अर्धं असं. तीन अष्टमांश म्हणजे 135 अंश, हा आकडा वॉल्ट्झमध्ये सारखा येतो.

सेंटर म्हणजे हॉलचा मधला बिंदू ना? मी तर तिकडेच बघत असतो.

नाही! हे जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी करतं. सेंटर म्हणजे झुंबराखालची जागा नाही, सेंटर म्हणजे लाइन ऑफ डान्सला काटकोनात डावीकडची दिशा. तुम्ही लांब बाजूच्या सुरुवातीला असाल तर हॉलचा मध्य तुम्हाला तिरका पुढे दिसेल, पण तुमचं सेंटर सरळ डावीकडेच. वॉलचं पण तेच, तिथे खरी भिंत असेल, जेवणाची टेबलं असतील नाहीतर नुसता पडदा, वॉल म्हणजे उजवीकडे काटकोनात, बास. मध्याच्या बिंदूकडे बघून दिशा ठरवली की प्रत्येक पावलागणिक दिशा बदलत जाते आणि मग वळण कमी पडलं का जास्त झालं हे कळायला काही आधारच राहत नाही.

फेसिंग, बॅकिंग आणि पॉइंटिंग यात फरक काय?

फेसिंग म्हणजे पाय आणि शरीर दोन्ही त्या दिशेला. बॅकिंग म्हणजे त्या दिशेला पाठ. पॉइंटिंग जरा वेगळं, पाऊल एका दिशेला वळलंय पण शरीर अजून पूर्ण तिकडे पोचलेलं नाही, बाजूला टाकायच्या स्टेपवर हे येतं.

आणि अजून एक, तुमचं तोंड जिकडे आहे तिकडेच तुम्ही सरकताय असं नसतं. टँगोतलं प्रोमनाड घ्या, म्हणजे जोडी एका बाजूने थोडी उघडून दोघे त्याच बाजूला सरकतात ते. लीडरचं, म्हणजे जोडीला नेणाऱ्याचं, पाऊल डायगोनल वॉलकडे पॉइंट करतंय पण तो सरकतोय लाइन ऑफ डान्सवरून. नवीन लोक इथे पाऊल पण जाण्याच्या दिशेला वळवतात, मग जोडी उघडी पडते, होल्ड (एकमेकांना धरायची पद्धत) फुटतो, आणि शिव्या टँगोला.

बरं, एखाद्या खऱ्या स्टेपवर समजवा.

स्लो वॉल्ट्झचा नॅचरल टर्न घेऊ, कारण सगळ्यांना तोच आधी शिकवतात. नॅचरल म्हणजे उजवीकडे वळणारा, रिव्हर्स म्हणजे डावीकडे वळणारा. रिव्हर्स ऐकून काही जण मागे जायला लागतात, तसं नाही.

लीडर डायगोनल वॉलकडे तोंड करून उभा. उजवा पाय पुढे, वळत डावा बाजूला, उजवा जवळ आणून बंद. या तीन पावलांत 135 अंश उजवीकडे वळलात तर तुमची पाठ बरोबर लाइन ऑफ डान्सकडे येते. आता डावा पाय मागे, म्हणजे हॉलच्या हिशोबात अजूनही पुढेच सरकताय, फक्त पाठीने. उजवा बाजूला, डावा बंद, अजून 135 अंश. कुठे आलात? डायगोनल सेंटरकडे तोंड करून. सहा पावलांत पाऊण फेरी झाली.

आता उजवा पाय मोकळा आहे. उजव्या पायाचा क्लोज्ड चेंज करा, म्हणजे न वळता पुढे, बाजूला, बंद अशी तीन पावलं, डावा मोकळा होतो, आणि तुम्ही डायगोनल सेंटरला तोंड करूनच आहात जिथून रिव्हर्स टर्न सुरू होतो. रिव्हर्स टर्न परत 135 आणि 135, या वेळी डावीकडे, आणि तुम्ही पुन्हा डायगोनल वॉलकडे. डाव्या पायाचा चेंज, परत नॅचरल. असं नागमोडी करत अख्खी लांब बाजू पार होते, एकदा भिंतीकडे तिरकं, एकदा मध्याकडे तिरकं. ज्याने कुणी हे बसवलं त्याला मनापासून सलाम, चार तुकडे आहेत आणि प्रत्येकाचा शेवट पुढच्याची सुरुवात आहे.

आता हेच दिशा न बघता करा. पहिल्या नॅचरलमध्ये 135 च्या ऐवजी 90 च वळलात तर चौथं पाऊल मध्याकडे तिरकं मागे जातं, पुढच्या तीनमध्ये पण कमी वळलात तर शेवटी तोंड डायगोनल सेंटरकडे न येता उलट हॉलच्या मागच्या बाजूला, आणि मागून येणारी जोडी थेट तुमच्या समोर. स्टेप्स सगळ्या बरोबर, मोजणी बरोबर, तरी धडक.

फॉलोअरसाठी पण हेच का?

दिशा त्याच, उलट्या बाजूने. लीडर डायगोनल वॉलला फेसिंग तर फॉलोअर डायगोनल वॉलला बॅकिंग. वरच्याच नॅचरल टर्नमध्ये फॉलोअर पहिल्या पावलाला डायगोनल वॉलला बॅकिंग, दुसऱ्याला पाऊल थेट लाइन ऑफ डान्सकडे पॉइंटिंग, तिसऱ्याला फेसिंग. म्हणजे पावलाचं वळण दुसऱ्या स्टेपलाच पूर्ण होतं आणि शरीर मागून येतं. वळणात जो आतल्या बाजूला असतो त्याचं असं होतं, पुढच्या तीन पावलांत आतली बाजू लीडरकडे जाते.

"मला कशाला हवंय, लीडर नेईल तिकडे जाईन" असं बरेच फॉलोअर म्हणतात. जा की, पण तुम्हाला लीडरच्या पाठीमागचं दिसतं जे त्याला दिसत नाही. तो पाठीने सरकत असताना कुणी मध्ये आलं तर त्याच्या दंडावर हलकं दाबायचं, हा इशारा सगळीकडे चालतो. पण तो कुठे जाणार आहे हे माहीत असेल तरच वेळेत दाबता येईल ना.

कोपऱ्यात काय करायचं? माझा तिथे दर वेळी बट्ट्याबोळ होतो.

एक सोपी युक्ती आहे आणि ती नुसत्या भूमितीतून निघते. कोपऱ्यात लाइन ऑफ डान्स 90 अंश डावीकडे वळते. म्हणजे जुन्या बाजूची डायगोनल सेंटर हीच नव्या बाजूची डायगोनल वॉल! कागदावर चौकोन काढून बाण मारून बघा. आता नॅचरल टर्न संपतो कुठे, डायगोनल सेंटरला. उजवा पाय मोकळा. म्हणजे तुम्ही कोपऱ्यात असाल तर मधला चेंज सोडून द्या आणि लगेच दुसरा नॅचरल टर्न सुरू करा, तुम्ही आपोआप नव्या बाजूला लागलात. काही वेगळं शिकायची गरजच नाही. फक्त कोपरा जवळ आलाय हे दोन बार (वॉल्ट्झमध्ये तीन ठोक्यांचा एक बार) आधी कळायला पाहिजे, त्यासाठी मान वर हवी, नजर बुटांवर नको.

सगळ्या डान्सना लाइन ऑफ डान्स लागते का?

स्पर्धेतले पाच स्टँडर्ड डान्स, वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप, हे पाचही हॉलभर फिरतात. लॅटिनमध्ये सांबा आणि पासो डोब्ले फिरतात, चा चा चा, रुंबा आणि जाइव्ह जागेवर. साल्सा, बचाता पण जागेवरच. त्यामुळे साल्सातून आलेल्या लोकांना स्टँडर्ड शिकताना सुरुवातीला हीच अडचण येते, त्यांना आपल्या चौकोनात नाचायची सवय.

व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये तर सगळे उजवीकडे गरगर फिरतात, मग घड्याळाच्या उलट कसं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडी स्वतःभोवती उजवीकडे फिरते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, आणि हॉलभोवती मात्र उलट दिशेनेच सरकते. वेग किती तर मिनिटाला 60 बारच्या आसपास, म्हणजे 180 ठोके, प्रत्येक बारला अर्धी फेरी, म्हणजे मिनिटाला स्वतःभोवती साधारण 30 गिरक्या. चक्कर येणारच. डावीकडे वळणारा वॉल्ट्झ पण असतो आणि तो जास्त अवघड समजतात, व्हिएन्नाच्या ऑपेरा बॉलमध्ये सुरुवातीला जी तरुण मुलंमुली पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांत नाचतात ती हा डावा वॉल्ट्झच करतात. त्यांचं झालं की "आलेस वाल्झर" अशी आरोळी होते आणि मग सगळे फ्लोअरवर, तेव्हाचं फ्लोअर बघाल तर लाइन ऑफ डान्स कशाला हवी हे वेगळं सांगायला नको.

उलटीच दिशा का? उजवीकडून का नाही?

तलवार डाव्या कमरेला असायची म्हणून, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट म्हणून छान आहे, तेवढीच घ्या. मला होल्डमधून मिळणारं उत्तर जास्त पटतं. बॉलरूमच्या होल्डमध्ये दोघे एकमेकांच्या अगदी समोर नसतात, प्रत्येक जण थोडा आपल्या डावीकडे सरकून उभा असतो, त्यामुळे लीडरची डावी बाजू मोकळी, उजवीकडे जोडीदाराचं डोकं. भिंत उजवीकडे ठेवली तर न दिसणाऱ्या बाजूला धोका कमी आणि दिसणाऱ्या बाजूला अख्खं फ्लोअर. टँगोचे वॉक्स पण किंचित डावीकडे वळत जातात, या दिशेला ते मस्त बसतात.

हे नियम ठरवले कुणी?

गोल फिरून नाचायची रीत जुनी आहे पण आज शिकवतात तसं काटेकोर मोजमाप लंडनमध्ये बसवलं गेलं. इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग 1904 ची, तिची बॉलरूम शाखा 1924 ची. 1922 चा विश्वविजेता व्हिक्टर सिल्व्हेस्टर त्या मंडळींपैकीच, त्याने पुढे 1935 मध्ये ठरलेल्या लयीतच वाजवणारा स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. ब्लॅकपूलचा डान्स फेस्टिव्हल 1920 पासूनचा. नाच शिकवणारे वाढले, प्रत्येकाचं वेगळं चाललेलं, तेव्हा कुठलं पाऊल कुठल्या दिशेला, किती वळण, हे लिहून काढणं भागच होतं. त्याचा फायदा असा की पुण्यात शिकलेला माणूस टोकियोच्या हॉलमध्ये अनोळखी जोडीदाराबरोबर नॅचरल टर्न करू शकतो.

आमच्या क्लासमध्ये सगळे आरशाकडे तोंड करून शिकतात. चालतं का?

पावलं शिकण्यापुरतं चालतं. पण इथल्या बऱ्याच क्लासमध्ये जागा छोटी, वीस माणसं रांगेत, सगळं आरशाकडे तोंड करून, आणि महिनोन्महिने तसंच. मग डोक्यात स्टेप आणि आरसा यांची गाठ बसते. मोठ्या हॉलमध्ये आरसा नसतो, की गाडी अडली. माझा हट्ट आहे की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच, भले खोली दहा बाय बारा असो, चारही भिंतींना घेऊन फिरायला लावावं. घरी सराव करताना पण एक भिंत ठरवा, आज ही माझी लांब बाजू, आणि स्टेपच्या शेवटी थांबून स्वतःला विचारा तोंड कुठे आहे. कंटाळवाणं आहे. पण फायदा याचाच होतो.

मला फक्त बॉक्स स्टेप येते, मी फ्लोअरवर जाऊ की नको?

जा ना! फक्त बॉक्स एका जागी राहतो, त्यामुळे बाहेरच्या कडेला उभं राहून करू नका, मागचे सगळे खोळंबतात. मध्यभागी जा, तिथे निवांत करा. साधारण पद्धत अशी की बाहेरची लेन वेगात फिरणाऱ्यांची, आत हळू जाणाऱ्यांची, अगदी मध्ये जागेवर नाचणाऱ्यांची. नवीन माणसं लाजून कडेला चिकटतात, खुर्च्यांच्या जवळ सुरक्षित वाटतं म्हणून, आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त ट्रॅफिक असतं.

फ्लोअरवर वागायचे नियम काय?

लेखी असे सगळीकडे नसतात पण पाळतात. फ्लोअरवर उतरताना येणाऱ्या जोडीकडे बघा, त्यांच्या तोंडासमोर पाय टाकू नका. लाइन ऑफ डान्सच्या उलट एखादं पाऊल चालतं, जास्त नको, मागे कुणीतरी असतंच. नाचता नाचता थांबून जोडीदाराला स्टेप समजावून सांगणे हा तर गुन्हा मानला पाहिजे, समजवायचं असेल तर बाहेर या. हातात ग्लास घेऊन फ्लोअर ओलांडून पलीकडे जाणारे पाहुणे असतात त्यांचं काय करायचं ते मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. धडक झाली तर चूक कुणाची हे न बघता दोघांनी सॉरी म्हणायचं, लागलं का विचारायचं, पुढे जायचं.

या सगळ्याला मिळून फ्लोअरक्राफ्ट म्हणतात. स्पर्धेतही त्याला महत्त्व आहे, बसवलेला रुटीन अडला तर चांगली जोडी दोन पावलांत दुसरा रस्ता काढते आणि बघणाऱ्याला कळत पण नाही.

अर्जेंटाइन टँगोतली रोंडा म्हणजे हीच का?

दिशा तीच, शिस्त थोडी अधिक कडक. मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायच्या संध्याकाळी, जोड्या एकामागे एक लेन धरून चालतात आणि ओव्हरटेक करणं वाईट समजतात. बॉलरूममध्ये वेगवान जोडी आतून पुढे निघून गेली तर कुणी काही म्हणत नाही. मध्येच रोंडात शिरायचं असेल तर येणाऱ्या लीडरशी आधी नजरानजर करायची, त्याने मान हलवली की शिरायचं. बॉलरूमवाल्यांनी हे उचलायला हरकत नाही.

गोव्यातल्या लग्नांत पण असं गोल नाचतात ना?

हो, गोव्यातल्या आणि आपल्या वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती लग्नांत वॉल्ट्झ लागला की जुनी जाणती जोडपी सवयीने याच दिशेने हॉल फिरायला लागतात, त्यांना डायगोनल वॉल विचाराल तर हसतील. वधूवरांच्या मागून जोड्याजोड्यांनी निघणारा मार्च वेगळा, तिथे फक्त पुढच्याच्या मागे जायचं. आणि जाइव्ह सुरू झाला की लाइन विसरा. मांडो यात येत नाही, तो समोरासमोर रांगांत नाचतात, होल्ड नसतो.

नोट्समध्ये डीडब्ल्यू, डीसी असं लिहिलेलं असतं ते हेच का?

हेच. एलओडी म्हणजे लाइन ऑफ डान्स, डीडब्ल्यू डायगोनल वॉल, डीसी डायगोनल सेंटर, पुढे अगेन्स्ट असेल तर मागची बाजू. स्वतःच्या वहीत स्टेप लिहिताना प्रत्येक फिगरची, म्हणजे पावलांच्या ठरलेल्या संचाची, फक्त सुरुवातीची आणि शेवटची दिशा लिहिलीत तरी पुरे, उदाहरणार्थ नॅचरल टर्न, डीडब्ल्यू ते डीसी. दोन फिगर जोडायच्या असतील तर पहिलीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात जुळते का बघा, आणि कुठला पाय मोकळा राहतो ते. नाही जुळलं तर मध्ये चेंज टाका, नाहीतर कोपरा येईपर्यंत थांबा.